आहे, दिसते, लागते, निघते : इंग्रजीतली जोडणारी क्रियापदे

‘हे माझं घर आहे’ हे वाक्य उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यात दोन भाषांत ऐकू येते. मराठी घरात ते असेच बोलले जाते. 1947च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती वसवली, आणि त्यांच्या घरांत तेच वाक्य ‘हीउ मुंहिंजो घरु आहे’ असे होते. शेवटचा शब्द दोन्हीकडे एकच. मराठी आणि सिंधी यांच्या मधल्या प्रदेशात गुजराती आहे आणि तिथे ‘छे’ म्हणतात. हिंदीत ‘है’, कोकणीत ‘आसा’. पण सिंधू नदीच्या काठावरची भाषा आणि विदर्भातली भाषा ‘आहे’पाशी येऊन भेटतात. पुरुषाप्रमाणे रूपे मात्र वेगळी होतात. सिंधी माणूस ‘मां आहियां’ म्हणतो, मराठी ‘मी आहे’ म्हणतो आणि नागपुरी बोलीत ‘हाये’ही चालते.

या शब्दाचे काम काय? ‘तो भिंत बांधतो’ या वाक्यातले ‘बांधतो’ एक कृती सांगते. ‘ते घर जुने आहे’ या वाक्यात कोणी काही करत नाही. ‘आहे’ एवढेच सांगते की डावीकडचे ‘घर’ आणि त्याच्याबद्दल सांगितलेले ‘जुने’ यांचा संबंध आहे. अशा क्रियापदाला इंग्रजी व्याकरणात लिंकिंग व्हर्ब म्हणतात आणि त्याने कर्त्याशी जोडलेल्या शब्दाला किंवा शब्दसमूहाला सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट. ‘द हाऊस इज ओल्ड’ या वाक्यात ‘द हाऊस’ कर्ता, ‘इज’ जोडणारे क्रियापद आणि ‘ओल्ड’ कर्त्याचे पूरक. ‘जोडणारे’ हा शब्द जुना आहे. युरोपातल्या तर्कशास्त्रात या क्रियापदाला ‘कोप्युला’ म्हणत आले आहेत आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थच बंध किंवा दुवा असा आहे.

भारतातल्या पिढ्यांनी हा विषय ज्या पुस्तकातून घोकला त्यात नाव थोडे वेगळे होते. रेन आणि मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण 1930च्या दशकात आले. त्यात अशा क्रियापदांना ‘अपुरे विधान करणारी क्रियापदे’ या अर्थाचे नाव आहे. क्रियापद एकटे उभे राहिले तर विधान अर्धवट राहते, म्हणून ते पूर्ण करणारा शब्द लागतो आणि तो शब्द म्हणजे कॉम्प्लिमेंट. या जोडीतले पी. सी. रेन मुंबई इलाख्यातल्या शिक्षण खात्याच्या नोकरीत काही काळ कराचीत होते. सिंध 1936पर्यंत याच इलाख्याचा भाग होता. जरीपटक्यातल्या अनेक कुटुंबांचे मूळ ज्या मुलखात आहे, त्याच मुलखात या व्याकरणकाराने नोकरी केली.

मराठी शाळेत शिकलेल्याला ही कल्पना नवी नसते. वाक्यपृथक्करण करताना विधेयाच्या भागात एक रकाना ‘विधानपूरक’ या नावाचा असतो. ‘राम राजा झाला’ या वाक्यात ‘राजा’ त्या रकान्यात जातो. ‘राम झाला’ एवढ्यावर थांबले तर ऐकणारा ‘काय झाला?’ असे विचारणारच. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836चे आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911चे. तेव्हापासून मराठीच्या अभ्यासकांनी आपली भाषा किती बारकाईने उकलली आहे याची आठवण इंग्रजी शिकवताना क्वचितच होते. सातवीतला विद्यार्थी मराठीच्या तासाला विधानपूरक ओळखतो आणि पुढच्याच तासाला सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट हा एक परका, अवघड प्रकार म्हणून पाठ करतो. दोन्ही एकच आहेत हे कोणी सांगितले नाही तर तो दोनदा कष्ट करतो.

पहिला गोंधळ कर्म आणि पूरक यांच्यात होतो, कारण इंग्रजीत दोघेही क्रियापदानंतर येतात आणि दिसायला सारखेच असतात. ‘शी मेट अ टीचर’ आणि ‘शी बिकेम अ टीचर’ या दोन वाक्यांची बांधणी वरवर एकच वाटते. मराठीत उतरवताच फरक उघडा पडतो : ‘ती एका शिक्षिकेला भेटली’ आणि ‘ती शिक्षिका झाली’. पहिल्यात माणसे दोन आहेत, दुसऱ्यात एकच. पहिल्यात ‘शिक्षिके’ला ‘ला’ हा प्रत्यय लागला, दुसऱ्यात ‘शिक्षिका’ कर्त्यासारखीच प्रथमेत राहिली. पूरक आणि कर्ता ही एकाच व्यक्तीची दोन नावे असल्यामुळे विभक्तीही एकच. पूरकाचे कर्मणी प्रयोगात रूपांतरही होत नाही. ‘अ टीचर वॉज मेट बाय हर’ असे ओढूनताणून तरी म्हणता येईल, ‘अ टीचर वॉज बिकम बाय हर’ असे कधीच नाही.

दुसरा गोंधळ ‘इज’च्या दोन नोकऱ्यांचा आहे. ‘शी इज टीचिंग’ यात ‘इज’ सहायक क्रियापद आहे, मुख्य काम ‘टीच’चे. ‘शी इज अ टीचर’ यात ‘इज’ हेच मुख्य आणि जोडणारे. मराठीत ‘ती शिकवत आहे’ आणि ‘ती शिक्षिका आहे’ असा नेमका हाच भेद आहे. काही वाक्ये मात्र दोन्हीकडे झुकतात. बाजारातल्या एखाद्या दुकानाबद्दल ‘द शॉप वॉज क्लोज्ड ॲट नाइन’ असे लिहिले तर त्याचे दोन अर्थ होतात. कोणीतरी नऊ वाजता शटर ओढले, हा एक; त्या वेळी ‘क्लोज्ड’ हे क्रियापदाचे कर्मणी रूप असते. नऊ वाजता पाहिले तेव्हा शटर आधीच खाली होते, हा दुसरा. आणि तेव्हा ‘क्लोज्ड’ हे विशेषण, म्हणजे पूरक. मराठीत ‘दुकान नऊला बंद केलं’ आणि ‘नऊला दुकान बंद होतं’ अशी दोन वाक्ये हाताशी आहेत. इंग्रजीत निर्णय पुढच्यामागच्या मजकुरावर सोपवावा लागतो.

पूरकाच्या जागी नाम येते तेव्हा कर्त्याची ओळख सांगितली जाते, विशेषण येते तेव्हा गुण किंवा अवस्था. नामाच्या बाबतीत मराठी आणि हिंदी भाषकाची ठरलेली चूक म्हणजे ‘शी इज डॉक्टर’. मराठीत ‘ती डॉक्टर आहे’ पुरते. इंग्रजीत मोजता येणारे एकवचनी नाम उघडे ठेवता येत नाही, म्हणून ‘अ डॉक्टर’. एका वेळी एकाच माणसाकडे असणारे पद असेल तर ही सक्ती सैल होते आणि ‘ही बिकेम मेयर ऑफ नागपूर’ हे बिनचूक ठरते.

नाम जोडताना मराठी एक गोष्ट करते जी इंग्रजीत नाही, आणि तिच्याकडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘नागपूर ही महाराष्ट्राची उपराजधानी आहे.’ नागपूर हा शब्द नपुंसकलिंगी. मग ‘ही’ कुठून आली? ती ‘राजधानी’च्या लिंगाप्रमाणे आली. ‘जरीपटका हे मराठ्यांच्या फौजेतले मानाचे निशाण होते.’ जरीपटका पुल्लिंगी, पण मधला शब्द ‘हे’, कारण पुढे ‘निशाण’ आहे. वस्तीला त्या जरीच्या निशाणाचे नाव मिळाले तेव्हा वाक्य पालटते : ‘जरीपटका ही उत्तर नागपुरातली वस्ती आहे.’ शब्द तोच, पण पूरक ‘वस्ती’ झाल्याबरोबर ‘हे’ची ‘ही’ झाली. कर्ता आणि नामपूरक यांच्या मधोमध उभा राहून पूरकाचे लिंग आधीच सांगणारा हा छोटा शब्द मराठी माणूस दिवसभर वापरतो आणि तो चुकत नाही. इंग्रजी वाक्यात पूरक कुठे सुरू होते हे कळेनासे झाले तर वाक्य मराठीत म्हणून पाहावे. ‘हा, ही, हे’ जिथे बसेल, त्याच्या पुढे नामपूरक.

स्थळ सांगणारी वाक्ये थोडी अडचणीची. ‘द शॉप इज इन जरीपटका’ यातले ‘इन जरीपटका’ हे पूरक की क्रियाविशेषण? काही व्याकरणे त्याला सरळ पूरकातच धरतात. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांनी 1985 साली लिहिलेल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात अशा वाक्यांचा साचा वेगळा धरला आहे : कर्ता, क्रियापद आणि आवश्यक क्रियाविशेषण. ते गाळले तर वाक्य मोडते म्हणून ‘आवश्यक’. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या वादात फारसे अडकण्याचे कारण नाही. ‘दुकान जरीपटक्यात आहे’ या वाक्यात दुकान म्हणजे जरीपटका नव्हे आणि जरीपटका हा दुकानाचा गुणही नव्हे, एवढे ध्यानात असले की पुरते.

‘बी’ या क्रियापदाची इंग्रजी रूपे आठ : बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. पण या आठांनी जेवढे सांगता येते त्याहून मराठीची विभागणी काही बाबतींत बारीक आहे. ‘आज ऊन कडक आहे’ आणि ‘मे महिन्यात नागपूरला ऊन कडक असतं’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले या क्षणाचे, दुसरे नेहमीचे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इज’. हा नेहमीपणा दाखवण्याच्या ओढीने कधी कधी ‘द वेदर इज बीइंग हॉट’ असे लिहिले जाते. ‘इज बीइंग’ची जागा निराळी आहे. ‘ही इज बीइंग केअरफुल’ म्हणजे एरवी कसाही असो, आत्ता तो जपून वागतो आहे. माणूस आपल्या मर्जीने जसा वागतो त्यासाठी हे रूप आहे, उन्हाला ते लागू होत नाही.

नकारातही तसेच. ‘तो घरी नाही’ आणि ‘तो डॉक्टर नव्हे’. ‘नाही’ने अस्तित्व नाकारले, ‘नव्हे’ने ओळख नाकारली. हल्लीच्या बोलण्यात ‘नव्हे’ मागे पडून ‘तो डॉक्टर नाही’ हेच रूढ होत चालले आहे. ही झीज मनाला लागणारी आहे, कारण ओळख जोडणारे आणि ओळख तोडणारे असे स्वतंत्र शब्द प्रत्येक भाषेला लाभत नाहीत. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच ‘इज नॉट’ आहे.

आणि मराठीत हे क्रियापद सरळ गाळताही येते. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीत ‘आहे’ कुठेच नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. संस्कृत व्याकरणात कात्यायनाने नोंदवून ठेवले आहे की वाक्यात क्रियापद दिसत नसेल तेव्हा वर्तमानकाळातले तृतीय पुरुषी ‘अस्ति’ तिथे आहे असेच समजावे. रशियन आणि अरबी भाषांत वर्तमानकाळात ‘आहे’ एरवीही म्हणत नाहीत. बंगालीतही ‘हे माझे घर’ एवढ्यावर वाक्य संपते. इंग्रजीत मात्र वर्तमानपत्राचे मथळे आणि पाट्या सोडल्या तर ‘इज’ची सुटका नाही. ‘माय नेम रमेश’ हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही, इंग्रजी कानाला ते लंगडे वाटते.

इथपर्यंत ‘बी’. विषयाचा खरा गाभा त्याच्या पलीकडे, लुक, टेस्ट, स्मेल, फील आणि साऊंड या पाच क्रियापदांत आहे. ही क्रियापदे कधी कृती सांगतात, तर कधी नुसती जोडतात. नागपुरात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. सावजी रस्सा चुलीवर आहे. वर लालभडक तर्री आलेली आहे. करणारा पळीने थोडा रस्सा तळहातावर घेतो आणि जिभेला लावतो. ‘ही टेस्टेड द करी केअरफुली.’ चव घेणे ही त्याची कृती. ती त्याने कशी केली? जपून. म्हणून ‘केअरफुली’ हे क्रियाविशेषण. मग तो मान हलवतो : ‘द करी टेस्ट्स हॉट.’ आता रस्सा काही करत नाही. त्याला जीभ नाही. ‘हॉट’ हा रश्शाचा गुण आहे आणि ‘टेस्ट्स’ने तो गुण रश्शाला जोडला. इथे ‘हॉटली’ म्हटले तर रस्साच तावातावाने कशाची तरी चव घेतो आहे असा अर्थ होईल.

मराठीत या दोन जागी दोन वेगळी क्रियापदे आहेत. माणूस चव घेतो किंवा चाखतो, रस्सा तिखट लागतो. माणूस पाहतो, वस्तू दिसते. ‘शी लुक्ड ॲट हिम अँग्रिली’ म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिले, ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली. रविवारी सकाळी सिंधी घरात दाल पकवान होत असताना कोणी स्वयंपाकघरात येऊन वास घेतो आणि पकवानाचा खमंग वास येतो. कापडाला हात लावून पाहिले की ते मऊ लागते. एखादी कल्पना चांगली वाटते, तेव्हा इंग्रजी म्हणते ‘द आयडिया साऊंड्स गुड’. जिथे इंग्रजीने एकाच शब्दावर दोन कामे टाकली, तिथे मराठीने कामे वाटून दिली आहेत. ‘टेस्ट’ ऐकताच ‘चाखणे की लागणे?’ हा प्रश्न मनात विचारला की उत्तर लगेच मिळते.

याहून पक्की कसोटी मराठीच्या विशेषणांत दडलेली आहे. ‘तो चांगला दिसतो’, ‘ती चांगली दिसते’, ‘ते बाळ चांगलं दिसतं’. कर्ता बदलला की ‘चांगला’ बदलतो. आता ‘तो चांगलं गातो’, ‘ती चांगलं गाते’. कर्ता बदलूनही ‘चांगलं’ तसेच. पहिल्या तीन वाक्यांत तो शब्द कर्त्याचा गुण सांगतो, म्हणून कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालतो. पुढच्या दोन वाक्यांत तो गाण्याच्या क्रियेचा आहे, म्हणून कर्त्याकडे पाहत नाही. इंग्रजीत विशेषणे लिंगानुसार बदलत नसल्यामुळे हा फरक दिसत नाही. तिथे तो ‘गुड’ आणि ‘वेल’ यांच्यातून दाखवावा लागतो : ‘शी लुक्स गुड’, पण ‘शी सिंग्ज वेल’. म्हणजे मराठीत जो शब्द कर्त्यासोबत बदलतो त्याच्या जागी इंग्रजीत विशेषण, जो अढळ राहतो त्याच्या जागी क्रियाविशेषण. एकच सूट लक्षात ठेवावी. ‘ही लुक्स वेल’ हेही बरोबर आहे, कारण तिथे ‘वेल’ हे विशेषणच आहे आणि त्याचा अर्थ तब्येत बरी असा होतो.

ही कसोटी जोडणाऱ्या क्रियापदांच्या कुंपणाबाहेरही चालते. ‘ती एकटी राहते’, ‘तो एकटा राहतो’ : शब्द बदलला. ‘तो रिकाम्या हाताने परतला’ याऐवजी ‘तो रिकामाच परतला’, ‘ती रिकामीच परतली’ म्हटले की इथेही शब्द बदलतो, आणि इंग्रजीतही ‘ही रिटर्न्ड एम्प्टी-हँडेड’ असे विशेषणच येते. छान, सुंदर, गोड, तिखट यांसारखी न बदलणारी विशेषणे आली की कसोटी मुकी होते. तेव्हा त्यांच्या जागी क्षणभर ‘चांगला’ घालून पाहावे. ‘रस्सा तिखट लागतो’, ‘रस्सा चांगला लागतो’, ‘भाजी चांगली लागते’. शब्द बदलला, म्हणजे विशेषण.

कसोटी फसते ती ‘वाटणे’पाशी. ‘मला वाईट वाटलं’ या वाक्यात इंग्रजीचा कर्ता ‘आय’, पण मराठीत ‘मी’ला चतुर्थीचा प्रत्यय लागून ‘मला’ झाले आहे. ‘वाईट’ मग कोणाच्याच लिंगाप्रमाणे चालत नाही. त्याच्या जागी ‘चांगलं’ घातले तरी बोलणारा पुरुष असो की बाई, ‘चांगलंच’. इंग्रजीत मात्र ते निखळ पूरक : ‘आय फेल्ट बॅड’. ‘आय फेल्ट बॅडली’ म्हटले तर स्पर्शाने चाचपण्याचे काम नीट जमले नाही, असा अर्थ निघू शकतो.

हा ‘मला’ फार मोठ्या प्रदेशावर पसरलेला आहे आणि मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका तिथे उगवतात. ‘मला भूक लागली’, ‘मला आनंद झाला’, ‘मला थंडी वाजते’ या प्रत्येक वाक्यात मराठी एक नाम घेते आणि ते माणसाकडे येते, त्याला लागते किंवा वाजते. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो आणि अवस्था विशेषण होऊन त्याला जोडली जाते : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम हॅपी’, ‘आय ॲम कोल्ड’. उलट ‘मी सहमत आहे’ या वाक्यात मराठीने विशेषण वापरले आणि इंग्रजीत त्या जागी आख्खे क्रियापद आहे : ‘आय ॲग्री’. मग ‘आय ॲम ॲग्री’ ही चूक होते. हिंदीतही ‘मैं सहमत हूँ’ असल्यामुळे मराठी, हिंदी, सिंधी बोलणारी मुले ज्या वर्गात एकत्र बसतात तिथे ती एकमेकांना दुरुस्त करत नाहीत. सगळ्यांच्या कानाला ते बरोबरच वाटते. ‘आय ॲम बोअरिंग’चे तसे नाही. ‘मी कंटाळलोय’ आणि ‘मी कंटाळवाणा आहे’ हा फरक मराठीत स्पष्ट आहे. पहिल्यासाठी ‘बोअर्ड’, दुसऱ्यासाठी ‘बोअरिंग’, एवढी सांगड घालून दिली की चूक थांबते.

बदल सांगणारी क्रियापदे हा जोडणाऱ्यांचा दुसरा मोठा गट. मराठीत ‘होणे’ बरेचसे काम एकटे उरकते, इंग्रजीत ‘बिकम’ तेवढे सर्वव्यापी नाही. बोलताना ‘गेट’ अधिक येते : ‘गेट टायर्ड’, ‘गेट वेट’, ‘गेट अँग्री’. ‘गेट’च्या पुढे मात्र नाम जोडता येत नाही. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणजे तो डॉक्टर झाला असे नव्हे, त्याने डॉक्टर आणला. सावकाश बदलासाठी ‘ग्रो’ : ‘ग्रो ओल्ड’. रंग पालटला किंवा वयाची वेस ओलांडली की ‘टर्न’ : ‘द ऑरेंजेस टर्न्ड यलो’, ‘ही टर्न्ड फॉर्टी’. बिघाडासाठी बहुतेकदा ‘गो’ लागते : ‘गो बॅड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो मॅड’. ‘दूध नासलं’ याला ‘द मिल्क बिकेम बॅड’ म्हटले तर कळते, पण बोलणारा बाहेरचा आहे हेही कळते. ‘द मिल्क वेंट बॅड’ हे घरचे. चांगल्याकडे वळणाऱ्या ‘ट्रू’साठी ‘कम’ : ‘हर ड्रीम केम ट्रू’. बिघडले ते दूर गेले आणि साधले ते जवळ आले, असे काहीसे चित्र या दोन शब्दांमागे दिसते. नियम म्हणून ते कडक नाही, ‘कम लूज’ म्हणजे सैल सुटणे यात चांगले काही नाही, पण आठवणीत ठेवायला ते उपयोगी आहे.

मराठी इथे गरीब आहे असे मात्र समजू नये. हातगाडीवरून दोन डझन संत्री घेतली, घरी येऊन सोलली आणि ‘संत्री आंबट निघाली’. हे ‘निघणे’ म्हणजे बाहेर पडणे नव्हे. आधी गोड वाटली होती, अनुभवाने वेगळे कळले, एवढे सगळे त्या एका क्रियापदात आले. इंग्रजीत ‘द ऑरेंजेस टर्न्ड आऊट सावर’. वाद, पुरावा किंवा काळ यांतून निष्पन्न झाले तर ‘ठरणे’ : ‘त्याचा अंदाज खोटा ठरला’, ‘हिज गेस प्रूव्ह्ड राँग’. नको असलेली अवस्था ओढवली की ‘पडणे’ : ‘आजारी पडला’, ‘एकटा पडला’, ‘दुकान ओस पडलं’. यातले ‘आजारी पडणे’ इंग्रजीतही नेमके ‘फॉल इल’ आहे. होती ती अवस्था टिकली तर ‘राहणे’, इंग्रजीत ‘रिमेन’, ‘स्टे’, ‘कीप’ : ‘तो गप्प राहिला’, ‘ही रिमेन्ड सायलेंट’. निघणे, ठरणे, पडणे, राहणे ही रोजच्या बोलण्यातली जोडणारी क्रियापदे मराठीच्या शालेय व्याकरणांत ‘आहे’ आणि ‘झाला’च्या पलीकडे फारशी मांडली जात नाहीत, आणि हे मोठे नुकसान आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्या वयाच्या मुलाला ‘निघाली’ आणि ‘लागली’ यांतला फरक उत्तम कळतो.

उरला प्रश्न क्रियापद कोणाच्या मागे जाते याचा. इंग्रजीत ते कर्त्यामागे जाते, पूरक काहीही असो. ‘ऑरेंजेस आर द मेन क्रॉप’, पण वाक्य फिरवले की ‘द मेन क्रॉप इज ऑरेंजेस’. पुढे संत्री अनेकवचनी असली तरी ‘इज’ हलत नाही. मराठी माणूस अशा वेळी ‘आमचं मुख्य पीक म्हणजे संत्री’ असे म्हणून मोकळा होतो. ‘म्हणजे’ हाही एक दुवाच, आणि त्याला वचनही नाही, लिंगही नाही.

सर्वनाम पूरक झाले की ही ओढाताण आणखी दिसते. दारावर थाप पडते, आतून विचारणा होते आणि बाहेरचा म्हणतो, ‘मी आहे’. इंग्रजीत ‘इट इज आय’ की ‘इट इज मी’? रॉबर्ट लोथ यांनी 1762 साली छापलेल्या व्याकरणाच्या परंपरेत पूरकाची विभक्ती कर्त्याचीच असावी, म्हणून ‘आय’ शुद्ध मानले गेले. लॅटिनचा नियम तसा आहे आणि मराठीचाही. पण इंग्रजी बोलणाऱ्यांनी क्रियापदानंतरची जागा कर्मरूपाची ठरवून टाकली आहे. आज ‘इट्स मी’ हेच सहज बोलले जाते आणि ‘इट इज आय’ अतिशय औपचारिक वाटते. मराठीत ही अडचण उद्भवत नाही. ‘तो मीच होतो’ असे म्हटले की ‘मी’ प्रथमेत राहतो आणि ‘होतो’ हे क्रियापद ‘तो’ला सोडून ‘मी’च्या पुरुषाप्रमाणे चालते. इंग्रजीत ‘इट वॉज मी’ म्हणताना क्रियापद ‘इट’ला धरून राहते.